जामेह यांच्या देशत्यागाचे संयुक्त निवेदन: त्यांना दिलेले अभय नेमके कोणावर बंधनकारक आहे?

दीपस्तंभ (प्रश्न):

गॅम्बियाचे माजी राष्ट्राध्यक्ष याह्या जामेह यांनी २१ जानेवारी २०१७ रोजी रात्री राजधानी बंजुलच्या विमानतळावरून देश सोडला आणि गिनीमार्गे ते इक्वेटोरियल गिनीच्या आश्रयाला गेले. त्याच दिवशी इकोवास हा पश्चिम आफ्रिकी देशांचा समुदाय, आफ्रिकी महासंघ आणि संयुक्त राष्ट्रे या तिघांच्या नावाने एक संयुक्त निवेदन निघाले. जामेह ज्या अटींवर जायला तयार झाले, त्या अटी याच कागदावर आहेत. त्यांची प्रतिष्ठा, सुरक्षितता आणि हक्क जपले जातील, त्यांच्या कायदेशीर मालमत्तेवर टाच येऊ नये यासाठी गॅम्बियाच्या सरकारबरोबर काम केले जाईल आणि त्यांना हवे तेव्हा मायदेशी परतता येईल, अशी आश्वासने त्यात आहेत. हेच संरक्षण त्यांचे कुटुंबीय, मंत्री, अधिकारी आणि पाठीराखे यांनाही देऊ केले आहे.

ज्यांना हे प्रकरण नीट आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जामेह १९९४ च्या लष्करी उठावातून सत्तेवर आले आणि २२ वर्षे राहिले. १ डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत अदामा बॅरो यांनी त्यांना हरवले. जामेह यांनी दुसऱ्याच दिवशी पराभव मान्य केला, पण ९ डिसेंबरला शब्द फिरवून निकालच नाकारला. त्यांच्या राजवटीत विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, ‘द पॉइंट’ या वृत्तपत्राचे संपादक देयदा हायदारा यांची डिसेंबर २००४ मध्ये हत्या झाली आणि २००५ मध्ये युरोपच्या वाटेवर असलेल्या पन्नासहून अधिक परदेशी स्थलांतरितांना, ज्यांत बहुतेक घानाचे होते, ठार मारण्यात आले.

अशा माणसाला तीन आंतरराष्ट्रीय संघटनांनी प्रतिष्ठेची हमी द्यावी, हे मला अस्वस्थ करते. रक्तपात टळला हे मोलाचेच आहे, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न असा आहे की या निवेदनाने जामेह यांना खटल्यापासून संरक्षण मिळाले का, आणि मिळाले असेल तर ते गॅम्बियाच्या सरकारवर, इक्वेटोरियल गिनीवर किंवा एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायालयावर बंधनकारक ठरते का? आंतरराष्ट्रीय कायद्याचा किंवा आफ्रिकेच्या राजकारणाचा अभ्यास असलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मध्यान्ह:

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे बरेचसे उत्तर निवेदनाच्या मजकुरातच आहे, म्हणून आधी तो बारकाईने पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे, बोलणारे पक्ष तीन आहेत आणि ते तिन्ही संघटना आहेत. गॅम्बियाचे नवे सरकार त्यात पक्षकार नाही. बॅरो यांचा शपथविधी १९ जानेवारीला डाकारमधील गॅम्बियाच्या दूतावासात झाला होता आणि निवेदन निघाले तेव्हाही ते सेनेगलमध्येच होते. त्यामुळे निवेदनाची भाषा ‘आम्ही गॅम्बियाच्या सरकारबरोबर यासाठी काम करू’ अशी आहे. ज्याच्या हातात पोलीस, तुरुंग आणि सरकारी वकील आहेत, त्याच्या वतीने तिसऱ्याने दिलेला हा शब्द आहे. असा शब्द देणाऱ्याला नैतिकदृष्ट्या बांधतो, पण ज्याने तो दिलाच नाही त्याचे हात बांधत नाही. जामेह यांना खटल्यापासून सूट दिलेली नाही, असे बॅरो यांच्या बाजूने लगेचच सांगण्यात आले, ते याच आधारावर.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. निवेदनात माफी किंवा खटल्यापासून मुक्तता कुठेच दिलेली नाही. मालमत्तेचे संरक्षण आहे ते कायदेशीर मार्गाने मिळवलेल्या मालमत्तेचे आणि तेही गॅम्बियाच्या राज्यघटनेच्या चौकटीत. खरी मेख इथेच आहे. बॅरो सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१९ मध्ये अहवाल दिला आणि जामेह यांनी सरकारी तिजोरीतून ३६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम लाटल्याचा निष्कर्ष काढला. त्यानंतर त्यांची मालमत्ता सरकारजमा करताना निवेदनाचा भंग झाला असे म्हणायला जागाच उरली नाही. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील पोटोमॅक येथे सुमारे ३५ लाख डॉलरना घेतलेला त्यांचा बंगला तिथल्या न्याय विभागाने २०२२ मध्ये जप्त करून घेतला, तेव्हाही हे निवेदन आड आले नाही. जप्त मालमत्तेच्या विक्रीत पुढे इतकी अपारदर्शकता निघाली की २०२५ मध्ये तरुण रस्त्यावर उतरले आणि संसदेला चौकशी लावावी लागली, पण ते घोंगडे वेगळे आहे.

आता त्या कागदावर ठोस असे काय होते ते पाहा. निवेदन स्वीकारले जाताच इकोवास आपली लष्करी कारवाई थांबवेल आणि जामेह त्याच दिवशी, ‘तात्पुरते’ म्हणून, देश सोडतील. या दोन गोष्टी तत्काळ घडणार होत्या आणि त्या घडल्या. सेनेगलच्या नेतृत्वाखालील सैन्य १९ जानेवारीलाच सीमा ओलांडून आत आले होते, सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २३३७ करून बॅरो यांना मान्यता देण्याच्या आणि राजकीय मार्गाला प्राधान्य देण्याच्या बाजूने उभे राहायचे ठरवले होते आणि गॅम्बियाच्या लष्करप्रमुखांनीच लढणार नसल्याचे सांगून टाकले होते. गिनीचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अल्फा कोंदे आणि मॉरितानियाचे मोहम्मद उल्द अब्देल अझीझ बंजुलला शेवटची बोलणी करत होते तेव्हा जामेह यांच्याकडे देवघेव करण्यासारखे फारसे उरले नव्हते. त्यांना सन्मानाने जाता यावे, इतकेच शब्दांत मांडायचे होते. विमानतळावर लाल गालिचा अंथरला गेला, लष्करी बँड वाजला आणि त्यांच्या आलिशान मोटारी चाडच्या मालवाहू विमानातून नंतर रवाना झाल्या. त्या वेळी अनेकांना हा अन्याय वाटला. माझ्या मते तो त्या दिवसापुरता खरोखर अन्याय होता, पण त्यामुळे कायद्याची कोणतीही वाट बंद झाली नाही.

एक कलम मात्र दुर्लक्षित राहते. जामेह यांना आश्रय देणाऱ्या देशांना छळ, दबाव किंवा निर्बंध यांना विनाकारण तोंड द्यावे लागू नये, असेही निवेदनात म्हटले आहे. हे कलम यजमानासाठी आहे आणि माझ्या मते संपूर्ण कागदात व्यवहाराच्या दृष्टीने हेच सर्वांत वजनदार आहे. इक्वेटोरियल गिनी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची सदस्य नाही. तेओदोरो ओबियांग यांच्यासारखा १९७९ पासून सत्तेवर असलेला शासक सत्ताच्युत शासकाला सहजासहजी दुसऱ्याच्या हवाली करेल, अशी अपेक्षाही करता येत नाही. म्हणजे जामेह यांना आज जे संरक्षण आहे ते मालाबोच्या, म्हणजे इक्वेटोरियल गिनीच्या सरकारच्या, इच्छेतून आलेले आहे, त्या निवेदनातून नाही.

शब्दवेध:

मध्यान्ह यांनी यजमान देशाच्या इच्छेचा मुद्दा मांडला, त्याला जोडून लायबेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांचे उदाहरण द्यायला हवे, कारण २०१७ मध्ये जामेह यांच्या मनात तेच असणार.

शेजारच्या सिएरा लिओनमधील यादवीच्या गुन्ह्यांसाठी नेमलेल्या विशेष न्यायालयाने टेलर यांच्यावरील आरोपपत्र ४ जून २००३ रोजी खुले केले, तेव्हा ते शांतता चर्चेसाठी अक्रा येथे होते. घानाने त्यांना अटक न करता परत जाऊ दिले. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हियाला बंडखोरांचा वेढा पडला होता, शहरात अन्नपाण्याची मारामार होती आणि टेलर गेल्याशिवाय लढाई थांबणार नाही हे सर्वांना कळून चुकले होते. तेव्हा नायजेरियाचे अध्यक्ष ओलुसेगुन ओबासांजो यांनी आश्रय देऊ केला. ११ ऑगस्ट २००३ रोजी थाबो म्बेकी, जॉन कुफोर आणि जोआकिम चिसानो या तीन आफ्रिकी राष्ट्राध्यक्षांच्यादेखत टेलर यांनी सत्ता उपाध्यक्षांकडे सोपवली. पांढऱ्याशुभ्र पोशाखातल्या टेलर यांनी जाताना ‘ईश्वराची इच्छा असेल तर मी परत येईन’ असे सांगितले आणि ते नायजेरियातील कालाबार येथे जाऊन राहिले. त्यानंतर अवघ्या आठवड्याभरात, १८ ऑगस्टला, अक्रा येथे लायबेरियातील पक्षांमध्ये सर्वंकष शांतता करार झाला. त्या क्रमाकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते. माणूस आधी गेला आणि करार नंतर झाला.

ओबासांजो यांनी आश्रय देताना टेलर यांनी लायबेरियाच्या राजकारणात ढवळाढवळ करू नये अशी अट घातली होती. त्यांची भूमिका पुढे अशी राहिली की लायबेरियात निवडून आलेल्या सरकारने मागणी केली तरच ते टेलर यांना सोपवतील. एलेन जॉन्सन सरलीफ निवडून आल्या, मार्च २००६ मध्ये त्यांनी मागणी केली आणि २५ मार्चला नायजेरियाने लायबेरिया त्यांना घेऊन जाऊ शकते असे जाहीर केले. दोन दिवसांत टेलर कालाबारहून नाहीसे झाले आणि २९ मार्चला कॅमेरूनच्या सीमेवरील गाम्बोरू येथे, राजनैतिक क्रमांकाची पाटी लावलेल्या गाडीतून सीमा ओलांडण्याच्या बेतात असताना, पकडले गेले. विमानाने मन्रोव्हिया आणि तिथून संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांच्या ताब्यात सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन असा प्रवास त्याच दिवशी झाला. सुरक्षा परिषदेने नोव्हेंबर २००५ मध्येच ठराव १६३८ करून, टेलर लायबेरियात परतल्यास त्यांना ताब्यात घेण्याचा अधिकार तिथल्या शांतिसेनेला दिला होता, म्हणून ही साखळी कुठेही तुटली नाही. खटला हेगला हलवावा लागला, कारण फ्रीटाउनमध्ये तो चालवल्यास पुन्हा हिंसाचार उसळेल अशी भीती होती. नेदरलँड्सने त्यासाठी अट घातली की शिक्षा झाल्यास कैदी दुसऱ्या देशाने ठेवून घ्यावा, आणि ती जबाबदारी ब्रिटनने घेतली. एप्रिल २०१२ मध्ये टेलर दोषी ठरले आणि त्यांना ५० वर्षांची शिक्षा झाली.

टेलर यांना पकडल्यामुळे यापुढे कोणताही हुकूमशहा बोलणी करून खुर्ची सोडणार नाही, अशी तेव्हा मोठी ओरड झाली. ही भीती मी हलक्यात घेत नाही. सत्तेला चिकटून बसलेला माणूस दुसऱ्याचे काय झाले हे नक्कीच पाहतो. पण टेलर प्रकरणानंतर अकरा वर्षांनी जामेह गेलेच, कारण त्यांच्यासमोर सुरक्षित विजनवास आणि खुर्ची असा पर्याय नव्हताच. सीमेपलीकडून आलेले सैन्य किंवा विमान, एवढाच पर्याय होता. अशी वेळ येते तेव्हा अपुरी हमीसुद्धा पुरेशी ठरते. म्हणून भविष्यातले हुकूमशहा घाबरतील या कारणाने आजच्या पीडितांचा न्याय रोखून धरणे मला पटत नाही.

पाणपोई:

वरच्या दोन्ही उदाहरणांत करार एका बाजूने जाहीर झालेला किंवा तोंडी ठरलेला आहे. नवाझ शरीफ यांचे प्रकरण वेगळे आहे आणि इथल्या वाचकांना ते अधिक जवळून आठवत असेल. ऑक्टोबर १९९९ मधील उठावानंतर त्यांना विमान अपहरणाच्या खटल्यात जन्मठेप झाली. डिसेंबर २००० मध्ये शिक्षा माफ होऊन, मालमत्तेचा मोठा भाग सरकारला देऊन, ते सहकुटुंब जेद्दाला गेले. मध्ये जामीनदार म्हणून सौदी अरेबिया होता आणि लेबनॉनचे हरीरी कुटुंब मध्यस्थ होते.

कराराचा कागद बरीच वर्षे गुलदस्त्यात राहिला. ऑगस्ट २००७ मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने शरीफ यांना मायदेशी परतण्याचा हक्क असल्याचा निर्णय दिल्यावर मात्र सौदी राजपुत्र मुक्रिन बिन अब्दुलअझीझ आणि साद हरीरी पाकिस्तानात आले, त्यांनी पत्रकारांसमोर तो कागद धरला आणि दहा वर्षे बाहेर राहण्याचा शब्द पाळावा असे सुनावले. शरीफ यांचे म्हणणे होते की शब्द पाचच वर्षांचा होता. १० सप्टेंबरला ते इस्लामाबादला उतरले आणि काही तासांतच त्यांना पुन्हा जेद्दाला धाडण्यात आले. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापेक्षा तो खाजगी कागद त्या दिवशी वरचढ ठरला. पण पुढे अडीच महिन्यांतच, नोव्हेंबर २००७ मध्ये, सौदी सत्ताधाऱ्यांच्याच पाठिंब्याने ते लाहोरला परतले, कारण तोपर्यंत बेनझीर भुत्तो परतल्या होत्या आणि जामीनदाराला करार पुढे रेटण्यात स्वारस्य उरले नव्हते.

न्यायालयात टिकण्यासारखा तो करार नव्हता, आणि तरीही जोवर जामीनदाराची इच्छा होती तोवर त्याची अंमलबजावणी झाली. हद्दपारीचा करार तपासताना मजकुराइतकेच जामीनदार कोण आहे आणि त्याचे हित कशात आहे हे पाहावे, असे माझे मत आहे. इथे एक फरकही नोंदवतो. शरीफ यांच्यावर सामूहिक हत्येसारखे आरोप नव्हते, त्यामुळे त्यांच्या कराराला आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा आडवा येण्याचा प्रश्नच नव्हता.

दीपस्तंभ:

तिघांचेही मनापासून आभार. आणखी एक विचारतो. निवेदनात जामेह यांच्या मंत्र्यांनाही आणि सुरक्षा अधिकाऱ्यांनाही संरक्षण आहे, तरी त्यांच्यापैकी काहींना परदेशांत शिक्षा झाल्याचे वाचले. त्यांना या निवेदनाचा आधार का घेता आला नाही? आणि खुद्द जामेह यांच्यावर खटला चालण्याची काही वाट आहे का?

मध्यान्ह:

आपण म्हणता ते तीन खटले आहेत. हायदारा यांच्या हत्येसह इतर गुन्ह्यांसाठी जामेह यांच्या मारेकरी पथकाचा चालक बाई लो याला नोव्हेंबर २०२३ मध्ये जर्मनीत जन्मठेप झाली, माजी गृहमंत्री उस्मान सोन्को यांना मे २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये २० वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच पथकातील मायकल कोरेआ याला २०२५ मध्ये अमेरिकेत छळाच्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवण्यात आले. हे तिघेही निवेदन निघण्याआधीच देशाबाहेर पडले होते. त्याहून मूलभूत कारण असे की एखाद्या राष्ट्राचे न्यायालय आपल्या कायद्यानुसार छळ आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांवर खटला चालवते तेव्हा इकोवासच्या राजकीय निवेदनाला तिथे कायद्याचे स्थान नसते. मोठ्या आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांना माफी असू शकत नाही, ही भूमिका संयुक्त राष्ट्रांनी १९९९ मध्ये लोमे येथील, बंडखोरांना माफी देणाऱ्या सिएरा लिओनच्या शांतता करारावर सही करताना स्वतंत्र टिपणी जोडून घेतली होती. तीच संघटना २०१७ च्या निवेदनातून गुपचूप त्याच्या उलट काही देऊ शकली नसती.

खुद्द जामेह यांच्याबाबत वाट आहे, पण ती लांबची आहे. गॅम्बियाच्या सत्य आणि समेट आयोगाने जानेवारी २०१९ पासून साक्षी ऐकल्या, राज्ययंत्रणेच्या हातून २४० ते २५० माणसे मेल्याचा निष्कर्ष नोव्हेंबर २०२१ च्या अहवालात नोंदवला आणि जामेह यांच्यावर खटला चालवण्याची शिफारस केली. सरकारने मे २०२२ मध्ये ती स्वीकारली. दरम्यान २०२१ च्या निवडणुकीआधी बॅरो यांच्या पक्षाने जामेह यांच्याच जुन्या पक्षाशी युती केल्यामुळे पीडितांच्या कुटुंबांना मोठा धक्का बसला होता आणि ती शंका अजून पुरती गेलेली नाही. तरीही १५ डिसेंबर २०२४ रोजी अबुजा येथील शिखर परिषदेत इकोवासने गॅम्बियासाठी विशेष न्यायाधिकरण स्थापन करायला मान्यता दिली. २०१७ मध्ये ज्या संघटनेच्या नावाने प्रतिष्ठेची हमी दिली गेली, तिनेच खटल्याचे न्यायालय उभारायला होकार दिला, यावरून त्या हमीचा अर्थ तिच्याच लेखी किती मर्यादित होता ते स्पष्ट होते.

उरतो तो मालाबोचा प्रश्न. तिथे हिसेन हाब्रे यांचे उदाहरण उपयोगी आहे. चाडचे हे माजी हुकूमशहा १९९० पासून सेनेगलमध्ये निर्धास्त राहत होते. बेल्जियमने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला आणि २० जुलै २०१२ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की छळविरोधी आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य या नात्याने सेनेगलने हाब्रे यांच्यावर खटला तरी चालवावा किंवा त्यांना सोपवावे तरी. सेनेगलमध्ये सरकार बदललेले होते, आफ्रिकी महासंघाबरोबर करार होऊन डाकारमध्ये विशेष न्यायालय बसले आणि ३० मे २०१६ रोजी हाब्रे यांना जन्मठेप झाली. इक्वेटोरियल गिनीही त्याच छळविरोधी कराराची सदस्य आहे, गॅम्बियाही आहे. म्हणून खटला चालवा किंवा सोपवा, ही मागणी बंजुलला अधिकृतपणे करता येईल. ती केली जाते का आणि न्यायाधिकरणासाठी पैसा व न्यायाधीश किती लवकर मिळतात, याकडे लक्ष ठेवायला हवे, कारण २००० च्या एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांवरील त्या गोळीबारात मुले गमावलेले आईबाप आता म्हातारे झाले आहेत.